दर शुक्रवारचं लग्न

आमच्या चुलत सासऱ्यांइतकं, म्हणजे बायकोच्या काकांइतकं, मन लावून ऐकणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांना ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. भिवंडीच्या नारपोलीत खाली कापड विणायच्या लूमचा कारखाना आणि वर घर अशा इमारतीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि मालक असूनही ती खालच्याच मजल्यावर काढली. कारागीर गावी गेला की हे स्वतः लूमवर उभे. ज्यांनी चालू लूमच्या कारखान्यात पाय ठेवलेला नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. पत्र्याच्या पेटीत बसावं आणि बाहेरून चार जणांनी हातोडे घालावेत, साधारण तसा, आणि तो दिवसरात्र. त्या आवाजाने काकांचे कान एका झटक्यात नेले नाहीत, हप्त्याहप्त्याने नेले. आधी चिमण्या गेल्या. मग दाराची बेल गेली, मग टेलिफोन गेला, मग घरातल्या बायका गेल्या आणि सगळ्यात शेवटी पुरुष गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बारीक आवाज आधी जातात, घोगरे मागे राहतात. त्यामुळे शेवटी शेवटी काकांच्या वाट्याला ट्रकचं इंजिन, म्हशीचं हंबरणं आणि ढगांचा गडगडाट एवढंच उरलं होतं. पण ऐकायची हौस तसूभरही कमी झाली नव्हती.

ते तळहाताने ऐकायचे. जेवता जेवता डावा हात भिंतीला लावायचे आणि म्हणायचे, "खालती सात नंबर बसला." खाली जाऊन पाहावं तर सात नंबरचा लूम खरंच बंद पडलेला. बातम्या ते टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून ऐकायचे आणि मग आम्हाला स्वतःच्या मनाच्या सांगायचे. खऱ्या बातम्यांपेक्षा त्या पुष्कळदा बऱ्या असत. आमचा मुलगा तान्हा असताना रडायला लागला की ते त्याच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटायचे, आणि तानपुरा जुळवणाऱ्याच्या थाटात सांगायचे, "पोट दुखत न्हाय. रागावलाय." काकांच्या मुलाने त्यांना कानाला लावायचं मशीन आणून दिलं होतं, ते काकांनी एकच दिवस वापरलं. "ह्याच्यान नुसती भांडी आयकू येतात," म्हणाले, आणि ते मशीन त्यांनी देव्हाऱ्यात शंखाशेजारी ठेवून दिलं. रोज सकाळी शंखाबरोबर त्यालाही गंध लागायचं.

ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलताना लोकांचे जे घोटाळे होतात ते काकांच्या बाबतीत कधी झाले नाहीत, कारण ते समोरच्याला बोलूच द्यायचे नाहीत. स्वतःचा आवाज मात्र कायम कारखान्यातला. एकदा राहनाळला एका दूरच्या नातेवाइकाच्या मयताला आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. काकांना मला एक खाजगी गोष्ट सांगायची होती. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं, हाताचा आडोसा केला आणि सांगितलं, "बाबा चांगला होता, पन चहाला कवा कुनाला बोलावला न्हाय." मयताच्या घरातून त्या दिवशी सगळ्यांना दोनदा चहा आला.

त्यांच्याशी सरळ संवाद साधणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे आमची काकी. काकी धवलारीण होती. आमच्या सासरच्या आगरी मंडळींत लग्न लावायचं म्हणजे धवलारीण हवीच. ती मांडवात बसून धवले गाते, देवांना आवतण देते, नवरा-नवरीला गाण्यातूनच पाटावर बसवते, गाण्यातूनच उठवते. काकीचा गळा असा, की ती गायला लागली की आचारीसुद्धा झारा हातात धरून बाहेर यायचा. एवढ्या गळ्याची बाई, पण नवऱ्याला हाक मारायला तिला तो गळा कामाचा नव्हता. मग तिने काय करावं? स्वयंपाकघराच्या दाराशी दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटचं बटण होतं, त्यावर हाक मारायची. दोनदा लुकलुकली की जेवण, तीनदा म्हणजे पाहुणे, आणि जोरजोरात सारखी लुकलुकायला लागली की काकांनी काहीतरी केलेलं आहे. काका तेवढ्या हाकेला लगेच ओ द्यायचे. बटणाच्या त्या खटक्यावर त्यांचा संसार उत्तम चालला होता.

काकी गेली. तापाने, चार-सहा दिवसांत. भिवंडीत विजेचा दाब हा कधी वर कधी खाली, सगळे लूम एकदम सुरू झाले की घराघरांतले दिवे एकदा मान टाकतात. काकी गेल्यावर पहिल्या महिन्यात मी पाहिलंय, ट्यूब सहज लुकलुकली की काका हातातलं ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे. मग आपण काहीतरी वेगळंच बघत होतो असं दाखवायला भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. ते कॅलेंडर त्या महिन्यात इतकं सरळ झालं की विचारू नका.

आता थोडं माझ्याविषयी. मी राहनाळच्या एका गोदामाच्या ऑफिसात कारकून. पण लग्नाआधी टपालाने रेडिओ दुरुस्तीचा एक कोर्स केला होता, आणि ही गोष्ट माझ्या आईने मुलगी बघायला गेल्यावर उगाचच सांगितली. तेव्हापासून सासरी माझी ख्याती 'मशिनी कळणारा जावई' अशी. सासऱ्यांचा रेडिओ मी उघडला तो पुन्हा बोलला नाही. मेव्हण्याचा पंखा दुरुस्त केला तर तो उलटा फिरून हवा छताला घालायला लागला. तरीही ख्याती टिकून होती, कारण काका माझ्यावर प्रसन्न होते. त्यांचं म्हणणं, "बिघडवतो तोच शिकतो." या हिशेबाने मी फार शिकलेला होतो.

एका संध्याकाळी काका जिने चढून आमच्या घरी आले, ते धापा टाकत आणि भलतेच खुशीत. त्यांच्या गल्लीत कुणाच्या तरी हळदीचा टेम्पो आला होता, माणसाच्या उंचीचे स्पीकर लावलेला. तो टेम्पो शेजारून गेला आणि काका रस्त्यात उभेच राहिले.

"जावाय," छातीवर हात मारून ते म्हणाले, "आज गाना वाजला. कानान न्हाय, हयां. हयां वाजला. कवरे वर्सान गाना आयकला मी."

"तो वूफर असतो काका," मी म्हणालो. काकांना ते ऐकू आलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून मला काहीतरी माहीत आहे एवढं त्यांना कळलं.

"त्यो डबा मना घरान पायजे. तुमाला मशिनी कलतात. आना."

मला वाटलं, म्हातारपणाची लहर. पण ते पाणी प्यायला आत गेले आणि तिथे माझ्या बायकोपाशी, म्हणजे त्यांच्या पुतणीपाशी, जे बोलले ते त्यांच्या आवाजामुळे मला बाहेर आणि शेजाऱ्यांना भिंतीपलीकडे नीट ऐकू आलं. म्हणाले, "पोरी, तुझे लग्नाची क्याशेट हाय ना? काकीन धवला बोललाय त्यान. मना तिचा आवाज आठवंना झालाय. तोंड दिसते, हात दिसतान, आवाजच न्हाय येत. त्या डब्यान लावला तं हयां वाजंल."

बायको बाहेर आली ती डोळे पुसत, आणि मला एवढंच म्हणाली, "आणून द्या त्यांना."

मला त्याच वेळी बोलायला हवं होतं. टपालाच्या कोर्सातसुद्धा एवढं शिकवतात की वूफर फक्त खालचा, घुमणारा आवाज वाजवतो. ढोलाचा ठोका त्यातून येतो, बाईच्या बारीक गळ्याला त्यात वाव नाही. म्हणजे काकांच्या कानांत आणि वूफरमध्ये काही फरक नव्हता, बायका दोघांनाही ऐकू येत नव्हत्या. पण काकांना समजावून सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि 'तुमच्या बायकोचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही' हे वाक्य ओरडून कसं सांगायचं ते मला समजेना. शिवाय, खरं सांगतो, वूफर जोडायची मलाही खाज होती.

बाजारात काकांच्या ओळखीचे एक चाचा होते, कोकणी मुसलमान, पूर्वी लूमचे सुटे भाग विकायचे, मग मुलांच्या नादाने स्पीकर आणि अॅम्प्लिफायर बनवून विकायला लागले. त्यांनी एक काळा डबा पुढे ठेवला. आकार धान्याच्या कोठीएवढा, पुढे जाळी, मागे तीन गोल बटणं, आणि विजेची स्वतःची वेगळी वायर. "इसका अॅम्प्लिफायर पेट में ही है," चाचा म्हणाले. "घरच्या टेपला फक्त जोडा. पन काका, बोलून ठेवतो, बिल्डिंग हिलेगी."

हे त्यांनी हाताने हलवून दाखवल्यामुळे काकांना कळलं. काका म्हणाले, "बिल्डिंग तं हिलतेच हाय. खालती लूम कनचे बंद हाईत?"

आणि खरंच, भिवंडीत वूफर घेणं ही मुळातच वेडेपणाची गोष्ट होती. वीज असली की लूम चालू, आणि लूम चालू असले की सगळं गावच एक मोठा वूफर. लोडशेडिंग झालं की सुंदर शांतता, पण मग टेपही बंद. या दोन्हींच्या मधला काळ आठवड्यातून एकदाच यायचा, शुक्रवारी. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी, भिंती स्थिर, आणि देवाच्या दयेने वीज असलीच तर असायची. तेव्हा शुक्रवार ठरला.

काकांच्या दिवाणखान्यात मुलाने घेतलेला टेप डेक आणि दोन स्पीकर होते. मी वायरी सतरंजीखालून नेल्या, पिना खोचल्या, आणि डबा कुठे ठेवावा याचा विचार केला. माझ्या मते मोठा आवाज उंचावरून आला की सगळीकडे सारखा पसरतो. म्हणून मी तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या मांडणीवर, सगळ्यात वरच्या फळीवर चढवला, जिथे खाली काकीची तीस वर्षांची स्टीलची भांडी उतरत्या क्रमाने लावलेली होती. चाचणीसाठी ढोलकीची एक कॅसेट लावली. पहिल्या ठोक्याला वाट्या सरकल्या. दुसऱ्याला तांबे निघाले. पुढे ते ठोके मोजायच्या मनःस्थितीत कुणी राहिलं नाही. परात सगळ्यात शेवटी पडली आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिली. काकांची सून, आमच्या वहिनी, कमरेवर हात ठेवून ती थांबेपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, अजून एक पातेलं ओट्यावर हाय. तो पन पाडताव का?"

काका मात्र पडलेल्या भांड्यांच्या मधोमध उभे होते, तळपाय फरशीवर दाबून, हसत. "वाजला," म्हणाले. "पायान वाजला."

डबा जमिनीवर आला. आता काकीची कॅसेट. आणि इथे एक अडचण निघाली, जी आमच्या कोर्सात नव्हती. काकीचा नियम असा होता, की लग्नाशिवाय धवला गायचा नाही. कुणी सहज 'काकी, जरा म्हण ना' म्हटलं की ती जीभ चावायची. नवरा-नवरी समोर नसताना देवांना बोलावलं, तर ते येऊन बघणार काय? काकांनी तो नियम कॅसेटलाही लावला. त्यांनी पाट मांडले, दोन. ताटात अक्षता, हळदकुंकू, नारळ. स्वतः डोक्यावर पांढरी टोपी घातली आणि माझ्याकडे आणि बायकोकडे बघून पाटाकडे बोट दाखवलं.

"काका, आमचं झालंय लग्न," बायको म्हणाली.

"बसा," काका म्हणाले. "तुमचाच धवला हाय."

बसलो. लग्नात मी मांडी घालून तासभर बसलो होतो, आता पोट मध्ये येत होतं. वहिनींनी उपरण्याऐवजी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. काका वूफरशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि त्याच्यावर तळहात ठेवला, आमच्या मुलाच्या पाठीवर ठेवायचे तसा. मी हात लांब करून बटण दाबलं.

काकी गायला लागली. खणखणीत, वरच्या पट्टीत, जशी गायची तशी. बायकोने मान खाली घातली. वहिनी दाराला टेकल्या. मी काकांकडे बघत होतो. त्यांचा हात डब्याच्या वरून बाजूला गेला, बाजूवरून जाळीवर आला, जाळीवरून मागे, परत वर. अंधारात कोनाड्यातली काडीपेटी शोधावी तसा. चेहरा मात्र त्यांनी ऐकणाऱ्याचा ठेवला होता, मान डोलावत होते, पण गाण्याच्या तालात नव्हते.

त्या कॅसेटच्या शेवटी एक गंमत आहे, जी काका सोडून आम्हा सगळ्यांना पाठ होती. धवला संपत आल्यावर काकीला नारळ हवा होता आणि नारळ काकांकडे होता. मांडवात ट्यूबलाइटचं बटण हाताशी नव्हतं. म्हणून काकीने चक्क तोंडाने हाक मारली, "आवो, आयकताव का? नारल आना." मग पुन्हा, "आवो." मग आणखी एकदा, आणि मांडवातल्या बायका हसल्या, आणि टेप संपली. एरवी ती जागा आली की आम्ही हसायचो. त्या शुक्रवारी हाक आली, पुन्हा आली, बायका हसल्या, खटका वाजला. काका खुर्चीत मान डोलावत होते. आमची तोंडं बघून त्यांना कळलं की गाणं संपलं.

"बरा वाजतो," ते म्हणाले, आणि बैलाला थोपटावं तसा त्यांनी डबा थोपटला. उठून गॅलरीत गेले.

मी मागोमाग गेलो. त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाट बघत राहिले. माझ्या आठवणीत काकांनी मला बोलू दिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी फक्त हाताने खूण केली, की बघतो, दुरुस्त करतो. त्यांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून नीट घडी करून माझ्या हातात दिला.

डेक मी घरी नेला. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं हे मला माहीत होतं, पण काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून उघडला. आत कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा होता तो हात लावताच डांबरासारखा बोटांना चिकटून तुटला. झालं. आता वाजत होतं तेही बंद. भिवंडीची सगळी दुकानं पालथी घातली. सीडीचा जमाना आलेला, पट्टा कुणाकडेच नाही. "अब कौन टेप सुनता है," असं एकाने ऐकवलंही. शेवटी शुक्रवार आला, आणि मी मिठाईच्या पुड्याला आलेला रबर काढून तिथे चढवला. चाक फिरलं. फिरतंय ना, मग झालं, असं म्हणून मी झाकण लावलं. वाजवून पाहिलं नाही. वाजवून पाहणारा माणूस असतो तर मी कारकून राहिलो नसतो.

पुन्हा पाट, पुन्हा टोपी, पुन्हा टॉवेल. काका या खेपेला जरा सावकाश बसले. हात डब्यावर ठेवला, पण सवय म्हणून ठेवावा तसा. मी बटण दाबलं.

रबर सैल होता. घसरत घसरत फिरत होता. त्यामुळे कॅसेट पेंगुळल्यासारखी चालली आणि काकीचा आवाज खाली खाली उतरत गेला. बाईचा राहिलाच नाही तो. पहाटे उठवलेल्या एखाद्या धिप्पाड खलाशाने खाडीच्या काठी बसून धवला म्हणावा, तसा. वहिनींनी तोंडाला पदर लावला. बायको पाटावरून माझ्याकडे वळली, "काय केलंत माझ्या काकीचं? बंद करा ते आधी." मी शरमेने हात पुढे केला.

"हात नको लावू."

काका मला नेहमी 'तुमी' म्हणायचे. जावई म्हणून. त्या दिवशी ते विसरले. त्यांचा तळहात डब्यावर चिकटला होता आणि बोटं फाकली होती. मग ते खुर्चीवरून खाली उतरले, डब्याशेजारी बसले, आणि गाल त्याला लावला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जो आवाज आमच्या कानांना विचित्र लागत होता, तो घसरत घसरत जिथे पोहोचला होता तिथे वूफर होता, आणि तिथेच काकाही होते. चिमण्या, बेल, टेलिफोन सोडून काकी एवढ्या लांब खाली उतरून आली होती.

काकांचे ओठ हलायला लागले. धवला त्यांना शब्दन् शब्द पाठ होता, इतकी लग्नं तिच्याबरोबर हिंडलेले. आणि ते बरोबर तिच्या शब्दावर होते, अर्धा श्वाससुद्धा मागे नाही.

मध्येच टेपमधून रेड्यासारखा एक हंबरडा आला. काकांनी डोळे उघडले. "ह्यो कोन बोलला मधीच?"

तो मी होतो. लग्नात, चांगला धवला चालू असताना, मी शेजारच्याला विचारलं होतं, "अजून किती वेळ आहे?" इतकी वर्षं ते वाक्य गर्दीच्या आवाजात दडून राहिलं होतं. मी स्वतःकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "तवाच समजाला पायजे होता," आणि पुन्हा डोळे मिटले.

मग ती जागा आली. मला आणि बायकोला एकाच वेळी आठवलं, आणि आम्ही दोघंही पाटावर ताठ झालो. "आ...वो," काकी म्हणाली, झोपेतून, फार लांबून. "आय...कताव का..."

काकांनी गाल उचलला. गुडघ्यावर हात देऊन उठले. टोपी सरळ केली. दुसरी हाक येईपर्यंत त्यांनी ताटातला नारळ उचललासुद्धा होता.

"आलो ना," ते म्हणाले. "आलो. आनतो."

आणि नारळ घेऊन दोन पावलं चालून ते थांबले, कारण पुढे कुणी नव्हतं. एका बाजूला काळा डबा, दुसऱ्या बाजूला आम्ही. तिसरी हाक आली. बायका हसल्या, पण त्या मंद टेपवर ते हसणं हसण्यासारखं वाजलं नाही. खटका पडला. काकांनी तो नारळ वाकून माझ्या बायकोच्या ओटीत घातला.

"इतके हाका मारत होती?" त्यांनी विचारलं. "मी कुठं होतो?"

"तिथंच होता काका," बायको म्हणाली, आणि हाताने खांब करून दाखवला, मग स्वतःच्या पाठीला हात लावला, "खांबाजवळ. पाठ होती तुमची."

"पाठ होती," काका म्हणाले. दोनदा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीबाहेर गेला नाही.

त्यानंतर आमचं लग्न दर शुक्रवारी दुपारी लागायला लागलं. माझं आणि एकाच बायकोचं, इतक्या वेळा की हिशेब ठेवणं आम्ही सोडून दिलं. एकदा अर्ध्या धवल्यात वीज गेली. लग्न अर्धवट टाकून उठायचं नसतं, म्हणून काकांनी आम्हाला वीज येईपर्यंत पाटावर बसवून ठेवलं. वहिनींनी तिथेच चहा दिला, तिथेच वाटाणे सोलायला दिले. माझे पाय सुजले. बायको म्हणाली, पहिल्या लग्नातच विचार करायला एवढा वेळ दिला असता तर मी नकार दिला असता. काका मात्र डब्यापाशी हात ठेवून बसले होते. वीज आली, आणि रबराने एक आचका देऊन काकीला उचललं, तिथून पुढे.

पुढे पुढे ते, गुडघ्यांना वेळ लागतो म्हणून, हाक येण्याआधीच उठायला लागले. टोपी, नारळ, सगळं तयार. ती पहिला 'आवो' म्हणेपर्यंत हे समोर उभे. "हां, बोल," म्हणायचे. पट्टा शोधायचं मी सोडून दिलं होतं.

मग धंदा बसला. कुणाकुणाचा बसला, त्यात काकांचाही. मुलाने लूम वजनावर भंगारात विकले आणि वडप्याला एका गोदामात नोकरी धरली. खालचा कारखाना रिकामा झाला आणि त्या इमारतीला पहिल्यांदाच सगळ्या दिवसांचा शुक्रवार मिळाला. वूफर ऐकायला याहून चांगली सोय नव्हती. पण काका जेवता जेवता भिंतीला हात लावायचे आणि तो तसाच ठेवून बसायचे. वहिनी म्हणायच्या, "भात निवतोय." ते हात काढायचे नाहीत. त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, ते गेले. काही आजार नव्हता.

डेक, डबा आणि कॅसेट आमच्याकडे आली. एकदा मुंबईला गेलो असताना एका फुटपाथवर मला तो पट्टा सापडला, अगदी हवा तसा. मी आणून बसवला, आणि आयुष्यात एक तरी मशीन बरोबर दुरुस्त केलं म्हणून बायकोला हाक मारली. काकी सुरू झाली. खणखणीत, वरच्या पट्टीत, खरी. बायकोने थोडं ऐकलं.

"हिला एवढी घाई कसली आहे?" म्हणाली.

मी पट्टा काढला आणि रबर चढवला.

अजूनही एखाद्या शुक्रवारी, मुलगा घरी नसला की, आम्ही दोघं बसतो. पाट नाही, गुडघे ऐकत नाहीत, खुर्च्यांवर बसतो. पण ताटात नारळ असतो, आणि माझ्या खांद्यावर टॉवेल असतो. काकी हाक मारते. एकदा, दोनदा, तीनदा. बायका हसतात, खटका पडतो. डेकचं बटण माझ्या हाताशीच असतं, पण मी ते लगेच बंद करत नाही. काकांना उठायला जरा वेळ लागायचा.